प्रीफेचचं राहिलंच की
पपेटमध्ये (सर्व्हरची कॉन्फिगरेशन सांभाळणारं टूल) कस्टम टाइप, म्हणजे स्वतःचा रिसोर्सचा प्रकार, लिहायला प्रोव्हायडरमध्ये (प्रत्यक्ष काम करणारा कोड) एक्झिस्ट्स, क्रिएट, डिस्ट्रॉय एवढ्या तीन मेथड पुरतात असं या लेखात म्हटलंय, ते डेमोपुरतं ठीक आहे हो, पण रिसोर्स (पपेट सांभाळतं ते युझर, फाइल वगैरे) शेकड्यांनी असले की प्रत्येकासाठी वेगळी कमांड सुटते आणि रन रखडतो, तिथे इन्स्टन्सेस (असलेले सगळे रिसोर्स एकदम वाचणारी मेथड) आणि प्रीफेच (ती माहिती आधीच ज्या त्या रिसोर्सला जोडणारी मेथड) लिहून सगळी स्थिती एकदाच वाचून घ्यायची. आणि अ‍ॅरे प्रॉपर्टीबद्दल (जिची किंमत एक यादी असते, उदा. युझरचे ग्रुप) तर अवाक्षर नाही! अ‍ॅरे मॅचिंग 'ऑल' ठेवलं की तुलना क्रमासकट होते, म्हणजे सिस्टिमने तेच ग्रुप उलटसुलट क्रमाने दिले तरी पपेट दर रनला 'बदललं, बदललं' म्हणून बोंबलत बसतं. इनसिंक (ही तुलना करणारी मेथड) ओव्हरराइड करून दोन्ही बाजू सॉर्ट करा, गप्प बसेल. बाकी प्रॉपर्टी आणि पॅरामीटरमधला फरक मात्र झकास समजावलाय.