खुलासा : वॉल्टर कोन केमिस्ट नव्हते

बीएस्सीचे निकाल लागले की सोलापुरातल्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर हा मेसेज हमखास फिरतो : 'वॉल्टर कोन या केमिस्टला सॉफ्टवेअर बनवल्याबद्दल १९९८ चं नोबेल मिळालं. कॉम्प्युटेशनल फिजिक्स करायचंय? फिजिक्स सोडा, कोडिंगचा क्लास लावा.'

नोबेल रसायनशास्त्राचं होतं, एवढं खरं. बाकी नुसती खिचडी. कोन पक्के भौतिकशास्त्रज्ञ. पीएचडी हार्वर्डची, ज्युलियन श्विंगर यांच्या हाताखाली. सॉफ्टवेअर लिहिलं ते नोबेल वाटून घेणाऱ्या जॉन पोपल यांनी. 'गॉसियन' त्यांचं.

कोन आणि पियरे होहेनबर्ग यांचं १९६४ चं काम कागदावरचं. सिलिकॉनच्या एका अणूत १४ इलेक्ट्रॉन. या सगळ्यांचं मिळून वर्णन करणाऱ्या वेव्ह फंक्शनला, स्पिन (इलेक्ट्रॉनचा एक अंगभूत गुण) सोडला तरी, प्रत्येकी तीन याप्रमाणे ४२ चल लागतात. दोघांनी सिद्ध केलं की मूळ (सर्वात कमी ऊर्जेच्या) अवस्थेसाठी इलेक्ट्रॉनची घनता पुरते, आणि तिला चल तीनच. पुढच्या वर्षी लू शाम यांच्यासोबत कोन यांनी समीकरणं हाताळण्याजोगी केली. आजचे प्रोग्रॅम तीच सोडवतात.

कोडिंग जरूर शिका. पण ही समीकरणं सोडवणारं 'क्वांटम एस्प्रेसो' हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. ते 'मिळवून देण्याचे' पैसे कुणी मागितले तर सरळ नाही म्हणा. आणि त्यावर नेहमीच्या पद्धतीने सिलिकॉनचा बँड गॅप (इलेक्ट्रॉन वाहता व्हायला लागणारी किमान ऊर्जा) काढला, तर स्क्रीनवर ०.६ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास आकडा येतो. प्रयोगात तो १.१ च्या पुढे आहे. प्रोग्रॅम बिनचूक चाललेला असतो. मग चुकलं कुठे, हे कळायला एमएस्सीचे क्वांटम मेकॅनिक्स आणि सॉलिड स्टेटचे पेपरच लागतात.