आमच्या रीजनची सिक्युरिटी कौन्सिल आणि 'म्हाताऱ्यांचा क्लब'

नेशनस्टेट्स खेळणारे खान्देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतील, म्हणून बाकीच्यांसाठी आधी थोडं सांगतो. मॅक्स बॅरी नावाच्या ऑस्ट्रेलियन लेखकाने २००२ साली काढलेला हा खेळ. एक देश काढायचा, समोर येणाऱ्या प्रश्नांवर निर्णय द्यायचे आणि देशाची भरभराट की वाट लागते ते बघायचं. पण खरी मजा देश मिळून जे रीजन होतं तिथे असते. रीजनचा डेलिगेट निवडला जातो एंडोर्समेंटवर. वर्ल्ड असेंब्लीत असलेल्या देशांनी ज्याला सगळ्यात जास्त एंडोर्स केलं, तो खुर्चीवर. (या असेंब्लीचं नाव आधी युनायटेड नेशन्सच होतं. २००८ साली खऱ्या यूएनकडून पत्र आलं आणि नाव बदलावं लागलं!)

आता मुद्दा. आमचं रीजन फ्रंटियर आहे. म्हणजे वर गव्हर्नर कोणी नाही, सत्ता डेलिगेटच्या हातात, कोणालाही हाकलायची ताकदही त्याच्याकडेच. उद्या तो उलटला, किंवा बाहेरच्या रेडर टोळीने आपला माणूस बसवला, तर रीजन रिकामं व्हायला वेळ लागत नाही. यासाठी आमच्याकडे पाच जणांची सिक्युरिटी कौन्सिल आहे. ती बरखास्त करा असा प्रस्ताव सध्या आलाय. म्हणे हा न निवडलेल्या म्हाताऱ्यांचा क्लब आहे, खऱ्या सुरक्षा परिषदेतल्या पाच कायम सदस्यांसारखा.

साफ चुकीचं आहे हे. खऱ्या परिषदेतल्या त्या पाच देशांकडे नकाराधिकार आहे. आमच्या पाचांना साधा ठरावही अडवता येत नाही. त्यांचं काम एकच, डेलिगेट फिरला तर त्याला खाली ओढणं. आणि ते काम नव्या पोरांना का जमत नाही, याचं उत्तर खेळाच्या नियमातच आहे. कोणाला हाकलायचं तर डेलिगेटचा इन्फ्लुअन्स खर्च होतो, आणि समोरच्याचा इन्फ्लुअन्स जितका जास्त तितका खर्च मोठा. हा इन्फ्लुअन्स उसना मिळत नाही. रीजनमध्ये टिकून राहिलं, एंडोर्समेंट जमवत राहिलं, की हळूहळू साचतो. जुन्या पाच जणांना काढता काढता उलटलेल्या डेलिगेटची थैली रिकामी होते. काल आलेल्याला तो फुकटात उडवेल.

आमचे नाना गावच्या विकासोत (शेतकऱ्यांच्या सहकारी सोसायटीत) संचालक होते. अविश्वास ठराव आला की दहा-बारा जणांना गाडीत घालून सहलीला नेणं त्यांनी जवळून बघितलंय. मी त्यांना हे सगळं समजावलं तर म्हणाले, "म्हणजे तुमच्याकडे माणसं पळवता येत नाहीत, फक्त हाकलता येतात. मग जुनी माणसं धरून ठेवा ना!" नानांना अपडेट (खेळाचा हिशेब नव्याने लागतो ती वेळ) म्हणजे काय ते माहीत नाही, पण पाच मिनिटांत गाभा पकडला.

कौन्सिलच्या विरोधकांचा एक मुद्दा मात्र मला पटतो. कौन्सिलने स्वतःच ठरवायचं की डेलिगेट उलटलाय, आणि स्वतःच त्याला काढायचं? हे धोक्याचं आहे. पण उपाय म्हणून जे सुचवलंय, आधी तीन दिवस रीजनच्या सभेत मतदान आणि मग कारवाई, ते त्याहून वाईट. डेलिगेट बदलतो तो अपडेटला, आणि अपडेट दिवसातून दोनदा होतं. आपल्याकडे एक सकाळी आणि एक रात्री साडेनऊ-साडेदहाच्या सुमारास. तीन दिवसांत सहा अपडेट. तोवर मतदान करायला रीजनमध्ये उरणार कोण? म्हणून आधी कारवाई, आणि लगेच सभेपुढे हिशेब. सभेने नाकारलं तर कारवाई करणाऱ्यांनी कौन्सिल सोडायची. आणि कौन्सिलमधल्याने डेलिगेटची निवडणूक लढवायची असेल तर आधी राजीनामा द्यायचा, हे कलम तर हवंच हवं.

दुसरी गोष्ट हजेरीची. २८ दिवस लॉगिन नाही केलं की देशच नाहीसा होतो, आणि त्याची एंडोर्समेंटही जाते. कोणी बारावीच्या परीक्षेत बुडतो, कोणी केळीच्या कापणीत. व्हेकेशन मोड लावला तर ६० दिवस मिळतात, पण तेही लक्षात राहत नाही. आठवड्यातून एकदा तरी दिसला पाहिजे असा नियम करा, मी पहिला हात वर करीन.

परवा मे महिन्यातली नेहमीची कथा. लाईट गेलेली, सगळे अंगणात खाटा टाकून बसलेले, आणि मी मोबाईलच्या उरलेल्या बॅटरीवर एकेका देशाचं पान उघडून एंडोर्सचं बटण दाबतोय. आई म्हणाली, "कोना देस वाचाडी रायना रे बापा?" (कोणाचा देश वाचवतोयस रे बाबा?) सगळे हसले. पण सुरक्षा म्हणतात ती हीच कंटाळवाणी बटणं. भाषणं ठोकणाऱ्या कितींनी आपल्या कौन्सिलच्या पाचही जणांना एंडोर्स केलंय? मी यादी काढून बघितली, प्रस्ताव मांडणाऱ्याने दोघांनाच केलंय.

मी प्रस्तावाच्या विरोधात मत टाकलंय. रीजनमधलं कोणी हे वाचत असेल तर मत काहीही द्या, पण आज रात्रीच्या अपडेटआधी उरलेल्यांना एंडोर्स करून टाका.