‘सोंग’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

मागच्या लेखात मी वेगवेगळ्या काळातले आणि वेगवेगळ्या जातकुळीचे काही सिनेमे सुचवले होते. त्यावर एका वाचकांची लांबलचक प्रतिक्रिया आली. ती मी काढलेली नाही, काढणारही नाही. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. यादी जुनाट आहे. 2016 नंतरचं त्यात काही नाही. भयपट एकही नाही. ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ सोलापूरचा म्हणून घुसवलाय. ‘सेव्हन सामुराई’ साडेतीन तासांचा, एवढा वेळ कुणाला आहे? आणि मग हे वाक्य, जसंच्या तसं: “कृष्णधवल सिनेमे खरं तर कुणालाच आवडत नाहीत, आवडतात असं सोंग आणावं लागतं, आणि सोलापुरात बसून इटालियन सिनेमाचं कौतुक म्हणजे तर सोंगाचा कळस आहे मॅडम.” पुढे तीन हसरे चेहरे.

बाकीच्या मुद्द्यांचं नंतर बघू. आधी या वाक्याचं बोलू.

टीकेचं मला वावडं नाही. जब्बार पटेलांच्या ‘सामना’ सिनेमात बोलणं फार आहे, असं एका वाचकांनी मागे लिहिलं होतं. त्यांच्याशी माझा चांगला वाद झाला आणि आजही ते इथे येतात, वाचतात, लिहितात. कारण त्यांनी सिनेमा बघितला होता आणि कुठल्या प्रसंगात आपलं लक्ष उडालं ते सांगितलं होतं. तुमच्या एवढ्या मोठ्या प्रतिक्रियेत एकाही सिनेमातल्या एकाही प्रसंगाचा उल्लेख नाही. तुम्ही सिनेमाबद्दल बोलतच नाही आहात, माझ्याबद्दल बोलताय. मला न आवडणारी गोष्ट आवडते असं सांगून मी लोकांना फसवते, असा तुमचा आरोप आहे. मराठीत त्याला खोटारडेपणा म्हणतात. त्यापुढे हसरा चेहरा लावला म्हणून तो चेष्टा होत नाही. आणि ते ‘मॅडम’ कोणत्या सुरात लिहिलंय, हे न कळण्याइतकी मी भोळी नाही.

तर मला हे सिनेमे कुठून आवडायला लागले ते सांगते.

माझे वडील, अप्पा, इथल्या एका कापड गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांच्या विभागात होते. साच्यांच्या त्या खडखडाटात आयुष्य गेल्यामुळे पुढे त्यांना जवळजवळ ऐकू येत नसे. टीव्हीवर सगळे हसले की ते आमच्या तोंडाकडे बघायचे आणि मग उगीच थोडंसं हसायचे. सिनेमा बघणं त्यांनी हळूहळू सोडूनच दिलं. एकदा माझ्या मुलानं त्यांना संगणकावर चॅप्लिनचा ‘मॉडर्न टाइम्स’ लावून दिला. 1936 सालचा सिनेमा. बोलपट येऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती, तरी चॅप्लिननं तो जवळपास मूकच ठेवला. त्यात माणसाचा आवाज येतो तो बहुतेक यंत्रातून, मालकाच्या पडद्यातून किंवा तबकडीतून. चार्ली स्वतः तोंड उघडतो ते शेवटाकडे, एका गाण्यापुरतं, आणि त्या गाण्याच्या शब्दांना काही अर्थच नसतो. म्हणजे अप्पांचं ऐकू न आल्यामुळे काही बुडत नव्हतं. कितीतरी वर्षांनी त्यांना पहिल्यांदा पूर्ण सिनेमा मिळाला.

त्यात एक प्रसंग आहे. पट्ट्यावरून सरकत येणारे नट आवळून आवळून चार्लीच्या हातांना असं वळण लागतं की, काम थांबलं तरी हात झटके देत राहतात. अप्पांनी तो बघितला आणि काही न बोलता आपला उजवा हात वर करून आम्हाला दाखवला. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर फिरत होती. तुटलेला धागा सांधायची ती हालचाल. झोपेतसुद्धा त्यांची बोटं तशी फिरायची, हे आईला माहीत होतं. पुढे चार्ली विडी ओढायला म्हणून संडासात जातो आणि तिथल्या भिंतीवरच्या पडद्यात मालक उगवून त्याला कामावर हाकलतो. अप्पा मोठ्यानं म्हणाले, “मुतारीत बी जॉबर आला की रे!” (जॉबर म्हणजे गिरणीतला मुकादम) आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. कामगाराची जेवणाची सुट्टी वाचवण्यासाठी त्याला घास भरवणारं यंत्र येतं, तिथे मात्र ते हसले नाहीत. मी हसत होते, ते माझ्याकडे बघत होते.

आता मला सांगा, यात सोंग कुणाचं? माझं, की अप्पांचं? तुमचं वाक्य ‘कुणालाच’ असं आहे. ‘कुणालाच’मध्ये ते पण आले. समीक्षेचा एक शब्द त्यांनी कधी वाचला नव्हता. कृष्णधवल म्हणजे काहीतरी थोर, असं त्यांच्या डोक्यातही येणं शक्य नव्हतं.

दुसरी गोष्ट तेलुगूची. यादीत ‘मायाबझार’ बघून तुम्ही “हा कशाला?” एवढंच लिहिलंत. सोलापूरच्या पूर्व भागात लहानपण गेलेल्या माणसाला हा प्रश्न पडत नाही. आमच्या वाड्यात निम्मी घरं पद्मशाली, म्हणजे तेलुगू बोलणाऱ्या विणकरांची. पुरुष मागावर, बाया विड्या वळणाऱ्या. सण असला की वर्गणी काढून टीव्ही आणि व्हीसीआर भाड्यानं आणायचा, अंगणात मांडायचा आणि पहाटेपर्यंत लागोपाठ सिनेमे बघायचे. त्यात एक तेलुगू असायचाच, आणि म्हाताऱ्या बाया हटकून ‘मायाबझार’ मागायच्या. 1957 चा, के. व्ही. रेड्डींचा. शेजारच्या अक्का मांडीवर सूप घेऊनच बसायच्या. कातरलेलं पान, चिमूटभर तंबाखू, वळली, टोक दुमडलं, दोरा गुंडाळला, पुढची. नजर सगळी पडद्यावर. विडी वळायला त्यांना डोळे लागतच नसत.

एस. व्ही. रंगाराव यांचा घटोत्कच लग्नाच्या पंगतीचं जेवण एकटा हाणतो, लाडू आपोआप उडून तोंडात जातात, तेव्हा आम्ही पोरं ओरडायचो. अक्कांचा हात मात्र तिथे थांबायचा नाही. तो थांबायचा सावित्री या नटीच्या प्रसंगाला. नवरीचं, शशिरेखेचं रूप घेतलेला घटोत्कच म्हणजे पडद्यावर सावित्रीच. ती लाजत, मुरडत असते आणि मध्येच मिशीवर ताव दिल्यासारखी राक्षसाच्या तोऱ्यात चालते, क्षणात पुन्हा नवरी होते. अंगावर दागिने तेच, चेहरा तोच, आणि आत बसलेला माणूस दुसरा. सूप बाजूला ठेवून अक्का हसायच्या आणि मला अर्ध्या तेलुगूत, अर्ध्या मराठीत बजावायच्या, “बघ, बघ, आता बघ तिचे डोळे.” अभिनय म्हणजे काय, हे मला कुठल्या शिबिरात कळलं नाही. त्या अंगणात कळलं.

आणि रंगाचंच म्हणाल, तर 2010 साली ‘मायाबझार’ रंगवून पुन्हा प्रदर्शित केला. मी दोन्ही बघितलेत. मार्कस बार्टली या छायाचित्रकारानं नौकाविहाराच्या गाण्यात जे चांदणं उभं केलंय, ते कृष्णधवलमध्ये असं पाण्यावर पसरतं की बघत राहावं. रंगीत प्रतीत तीच जागा निळ्या पडद्यासारखी दिसते. चांदण्यात रंग दिसतच नसतात हो. रात्री गच्चीवर जाऊन बघा. कृष्णधवल म्हणजे रंग नसलेला सिनेमा असं तुम्ही धरून चाललात. ज्यांनी ते हाताळलं त्यांच्यासाठी उजेड हाच रंग होता. या एका मुद्द्यावर तुम्ही चार ओळी लिहिल्या असत्या, तर मी आनंदानं वाद घातला असता.

आता तुमचा कळस, म्हणजे इटालियन सिनेमा. व्हित्तोरिओ दे सिका यांचा ‘बायसिकल थीव्ज’, 1948. तुम्ही तो बघितलाय का? तुमच्या प्रतिक्रियेवरून तरी वाटत नाही. मी तो सोलापुरातच बघितला, भावानं आणलेल्या सीडीवर, सासूबाई शेजारी बसलेल्या असताना. महायुद्धानंतरचं रोम. आन्तोनिओला कामाची चिठ्ठी मिळते, पण कामाला सायकल लागते आणि सायकल गहाण पडलेली. त्याची बायको एक क्षण उभी राहते, मग पलंगावरच्या चादरी ओढून काढते. चादरी गहाण टाकून सायकल सोडवायची. दुकानातला माणूस चादरी उलगडून बघतो, थोडी घासाघीस होते, पैसे मिळतात. मग एक नोकर तो गठ्ठा घेऊन फडताळावर चढायला लागतो. चढतो, चढतो, आणि कॅमेरा वर जातो तेव्हा दिसतं की छतापर्यंत सगळे गठ्ठेच आहेत.

सासूबाईंना भाषा कळत नव्हती, खालची इंग्रजी अक्षरं वाचता येत नव्हती. मी मध्येमध्ये सांगत होते. इथे मी काहीच सांगितलं नव्हतं. त्या आपणहून म्हणाल्या, “अगं बाई, एवढ्या बायकांनी ठेवल्या होय?”

ज्या गावात घराघरात चादर विणली गेली, ज्या गावात चादर म्हणजे कुणाच्या तरी हातांची मजुरी, तिथल्या बाईला हा प्रसंग समजवावा लागत नाही. सोलापुरात बसून हा सिनेमा बघणं हे सोंग नाही, उलट तो बघायला याहून योग्य गाव मला सुचत नाही. त्यात बापाचं काम करणारा लॅम्बर्टो माजोरानी नट नव्हता, कारखान्यातला कामगार होता. त्याची चाल, हात खिशात घालायची पद्धत, मुलावर हात उचलल्यावर त्याचं तोंड उतरणं, हे सगळं आमच्या गल्लीत मी भोंगा झाल्यावर रोज बघितलंय. तुम्हाला त्यात ‘इटालियन’ दिसलं. आम्हाला गिरणी बंद पडलेला शेजारी दिसला.

आणि ‘सोलापुरात बसून’ म्हणजे काय हो? याचा राग मला सगळ्यात जास्त आलाय, लपवत नाही. तुम्ही कुठे बसून लिहिता ते तुम्ही सांगितलेलं नाही. पण इथे बसणाऱ्यानं काय आवडून घ्यावं आणि काय नाही, हे ठरवायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? याच गावातले द्वारकानाथ कोटणीस 1938 साली युद्धात सापडलेल्या चीनमध्ये जखमींची सेवा करायला गेले आणि 1942 साली तिथेच वारले. याच जिल्ह्यातल्या पंढरपुरात जब्बार पटेल जन्मले. याच जिल्ह्यातल्या करमाळ्याकडच्या जेऊरमधून नागराज मंजुळे आले आणि ‘फँड्री’तल्या जब्यानं शेवटी भिरकावलेला दगड सरळ आपल्या अंगावर आला. जगाचा सिनेमा आम्ही बघायचा नाही आणि आमचा सिनेमा मात्र जगानं बघायचा, असं आहे का?

कोटणीसांवरच्या सिनेमाबद्दल एक मान्य करते. तो दुसऱ्या कुठल्या गावच्या डॉक्टरवर असता, तर यादीत आला असता की नाही, सांगता येत नाही. आपल्या गावचा म्हणून मी माप थोडं झुकवलं, ते खरं. पण व्ही. शांताराम यांनी तो 1946 साली काढला, म्हणजे कोटणीसांना जाऊन चारच वर्षं झाली होती, आणि कोटणीसांची भूमिका स्वतः केली. भैय्या चौकातून जाता-येता ज्यांना कोटणीसांच्या घराची आठवण येते, त्यांनी तरी एकदा बघावा, एवढंच माझं म्हणणं होतं आणि आहे.

भयपट नाही, कारण मला ते बघवत नाहीत आणि न बघितलेलं मी सुचवत नाही. थरार हवा असेल तर यादीतला ‘अर्धसत्य’ बघा. नवे सिनेमे सुचवणारे भरपूर आहेत, त्यासाठी माझी गरज नाही. ‘सेव्हन सामुराई’ला मध्यंतर खुद्द दिग्दर्शक कुरोसावांनीच ठेवलंय, दोन रात्रींत बघा. एकेक मालिका रात्रभर बघणाऱ्यांनी वेळेची तक्रार करू नये.

“जरा तरुणांसाठी काही लिहा” अशी तुमची शेवटची सूचना आहे. माझा मुलगा तरुणच आहे, आणि ‘मॉडर्न टाइम्स’ त्यानंच लावला होता.

यादी मी बदलणार नाही. तुम्ही तुमची करून इथे टाका. जुनी, नवी, रंगीत, कशीही. त्यातला प्रत्येक सिनेमा का आवडला, हे एका प्रसंगासकट लिहा. मी प्रत्येक बघेन आणि नाही आवडला तर का नाही तेही लिहीन, पण तुम्हाला तो खरंच आवडला यावर शंका घेणार नाही. फक्त ते ‘सोंग’ आधी मागे घ्या. माझ्यासाठी नको, अप्पांसाठी आणि अक्कांसाठी घ्या. तोवर तुमच्या पुढच्या प्रतिक्रियेला मी उत्तर देणार नाही.