लेकरांसाठी सापळा पीक

टोमॅटोशेजारी झेंडू लावा, गाजरात मुळा टाका, मक्यावर चवळी चढवा. सोबतीच्या पिकांचा कुठलाही तक्ता काढला, की कुणाचं कुणाशी जमतं ते सगळं त्यात सापडतं. पाच वर्षांचं लेकरू कशाशेजारी लावायचं, तेवढं मात्र कुणी लिहून ठेवलेलं नाही. आमच्या मराठवाड्यातल्या जुन्या माणसांना तक्ताच लागत नव्हता. ज्वारीत तुरीचं तास, कडेनं अंबाडी, मधेच कुठं वाळकाचा वेल, आणि लेकरं लांब बांधावर लिंबाच्या सावलीला. आता घरामागं दहा बाय बारा फूट जागा उरलीय आणि लेकरं थेट वाफ्यात उतरलीयत.

मी म्हणतो, आखणी करतानाच लेकराला कीड म्हणून धरावं. पानांचा रस शोषणारा मावा येतो तसं तेही येणारच. मग किडीला जे करतात तेच करायचं, सापळा पीक लावायचं, म्हणजे मुख्य पीक सोडून कीड ज्याच्याकडं ओढली जाईल असं पीक.

झेंडूचंच बघा. टोमॅटोची फळं पोखरणाऱ्या अळीची मादी अंडी घालायला पिवळ्या झेंडूची फुलं पसंत करते. पण टोमॅटोला फुलं येतील तेव्हा झेंडूही फुलात हवा, म्हणून लावणीच्या दिवशी झेंडूचं रोप पंचेचाळीस दिवसांचं आणि टोमॅटोचं पंचवीस दिवसांचं असावं लागतं. पोळ्याच्या आगेमागे लावणी धरली, तर झेंडूचं बी टोमॅटोच्या बियाआधी वीस दिवस टाकायचं. शेतात सोळा ओळींना झेंडूची एक ओळ सांगतात. परसात दहा टोमॅटोंना कडेचे दोन-तीन झेंडू पुरतात. त्या दोन झेंडूंनी मुळांच्या गाठी करणारे सूत्रकृमीही पळतात म्हणतात, ते सोडून द्या. त्यासाठी अख्खा वाफा दोन-तीन महिने दाट झेंडूखाली ठेवावा लागतो.

लेकरांचा सापळाही असाच, मुख्य पिकाच्या आधी आणि वाटेत. दाराजवळ दोन बाय दोन फुटांचा वाफा करा आणि टोमॅटो लावायच्या आठ दिवस आधी त्यात रात्रभर भिजवलेली मेथी मूठभर फेका. मेथीच का? ती तीन ते पाच दिवसांत वर येते, आणि लेकराचा धीरही तेवढाच. कोथिंबिरीला धने रगडून, दोन फाका करून टाकले तरी आठ-दहा दिवस लागतात. तिसऱ्या दिवशी लेकरू ‘आलं का’ म्हणून उकरतं, पाचव्या दिवशी परत पेरतं, आणि उगवलं नाही म्हणून दुकानदाराच्या नावानं शिमगा आपण करतो. या चौकोनात उकरायची पूर्ण मुभा. बाकीचे वाफे दोनच फूट रुंद ठेवा. मोठ्याचा हात तीन फुटांच्या वाफ्यात मधोमध पोचतो, लेकराचा पोचत नाही. मग ते आत पाय देतं. ओल्या काळ्या मातीत पाय पडला की माती दाबून वीट होते आणि चपलेला किलोभर चिकटून घरात येते.

बी द्यायचं ते मोठं द्या. मका, चवळी, लाल भोपळा. तर्जनीची दोन पेरं मातीत गेली की इंच-सव्वा इंच खोली आपोआप होते. गुलाबी रंगाचं बी मात्र त्या हातात नको, त्याला औषध चोळलेलं असतं. मका एका ओळीत न लावता फूटभर अंतरानं तीन बाय तीनच्या चौकात लावा. वाऱ्यानं पराग पडतो, एका ओळीत कणसं बोडखी राहतात. मका वीतभर झाला की बुडाशी वेलीची चवळी टोका, आणि आणखी आठवड्यानं कोपऱ्यावर एक भोपळा, जमीन झाकायला. लेकराला तिन्ही आजच पेरायची असतात. तसं केलं की चवळी कोवळ्या मक्याच्या गळ्यात पडते आणि दोघं आडवे.

वांगी, टोमॅटो, बटाटा ही एकच भावकी. शेजारी लावली तर वाण लागत नाही, पण करपा आणि कीड बिनबोभाट वाटून घेतात. मिरचीही त्यांच्यातलीच, शिवाय लेकराचा हात मिरचीवरून सरळ डोळ्यात जातो. तिला पार पलीकडच्या कोपऱ्यात हद्दपार करा.

पाण्याचं काय सांगावं! लेकराच्या हाती नळी दिली, की मला 2016 च्या दुष्काळात मिरजेहून रेल्वेनं लातूरला आणलेलं पाणी आठवतं. गोडेतेलाची लिटरची बाटली घ्या, तापल्या खिळ्यानं झाकणाला आठ-दहा भोकं पाडा, एका लेकराला दिवसाला एकच बाटली. काळी माती पाणी धरून ठेवते. रोज न्हाऊ घातलेली कोवळी रोपं बुडाशी सडून कोलमडतात.

चवळीवर मावा आला की घाबरू नका, त्यामागून ढालकिडे येतात. लाल पाठीवर काळे ठिपके असलेला मोठा ढालकिडा लेकरं तळहातावर घेऊन गावभर फिरवतात. त्याची अळी मात्र काळपट, नारिंगी ठिपक्यांची, मगरीच्या पिल्लासारखी. खरं तर मावा तीच जास्त फस्त करते, आणि पहिली चप्पल तिच्यावरच पडते. दाखवून ठेवावी.

आता झेंडू. सापळ्यावरच्या अळ्या वेचल्या नाहीत तर तो त्यांचा पाळणाच होतो. हे काम लेकरांना फार आवडतं. वाटीत साबणाचं पाणी द्या, रोज सकाळी फुलं उलटून अळ्या त्यात टाकायला सांगा. वाटी रिकामी परत आली तर काडेपेटी उघडून बघा. आत अळी असते, आणि ती उपाशी राहू नये म्हणून टोमॅटोचं कोवळं पान.