फिल्टर घड्याळावर नको, हेड लॉसवर धुवा

जलशुद्धीकरण केंद्रातल्या वाळूच्या फिल्टरबद्दलच्या एका लेखात ‘दर 24 तासांनी बॅकवॉश (खालून उलटं पाणी सोडून धुणं) दिला की झालं’ असं म्हटलंय, ते अर्धंच खरं आहे. रॅपिड सँड फिल्टरचा (वाळूतून पाणी वेगाने गाळणारा फिल्टर) हेड लॉस, म्हणजे गाळ साचल्याने पाण्याच्या दाबात होणारी घट, 1.8 ते 2 मीटरवर गेला किंवा फिल्टरमधून निघणाऱ्या पाण्याचा गढूळपणा 1 एनटीयूच्या (गढूळपणा मोजायचं एकक) वर चढायला लागला, की लगेच धुवायला घ्यायचं. पावसाळ्यात ही वेळ 24 तासांच्या बरीच आधी येते.

आवक बंद करून पाणी वाळूच्या वर साधारण वीतभर उरेपर्यंत उतरू द्या. मग 3 ते 5 मिनिटं खालून हवा, त्यानंतर 10 मिनिटं उलटं पाणी. हवा सोडणारा ब्लोअर बिघडला म्हणून हवेची पायरी गाळली जाते आणि खरा घात तिथेच होतो. तुरटीचा चिकट गाळ नुसत्या पाण्याने सुटत नाही. त्याचे वाळूसकट वाटाण्याएवढे गोळे होतात, ते वाढून जड झाले की खाली खडीपर्यंत उतरतात. फिल्टर रिकामा करून बघा: वाळूवर भेगा किंवा भिंतीलगत फट दिसली, तर पाणी न गाळताच तिथून खाली जातंय.

उलट्या पाण्याचा व्हॉल्व्ह कृपा करून झटक्यात उघडू नका, खडीचे थर उलथतात आणि वाळू थेट शुद्ध पाण्याच्या टाकीत येते. शिवाय धुतल्यावर पहिली काही मिनिटं गढूळपणा जास्तच असतो. तो 1 एनटीयूखाली येईपर्यंतचं पाणी सोडूनच द्यावं.