पुन्हा तेच: सिंग्युलर मॅट्रिक्स!

स्पाइसमध्ये, म्हणजे सर्किट तपासायच्या प्रोग्राममध्ये, सिम्युलेशन सुरू केलं की एररची तीच ओळ: सिंग्युलर मॅट्रिक्स, नोड (सर्किटमधला जोडबिंदू) एन००३ तपासा. आणि लोक काय करतात? नोड सोडून रेलटॉल, म्हणजे आकडेमोडीत चालणाऱ्या चुकीची मर्यादा, सैल करत बसतात, टाइमस्टेप (वेळेची पायरी) कमी करतात. अरे, त्याने काय होणार! समीकरणांना एकच एक उत्तर उरलेलं नाही, म्हणून स्पाइस अडलंय.

ज्या नोडचं नाव आलंय, त्यावर बोट ठेवा आणि तिथून ग्राउंडपर्यंत डीसी वाट शोधा. डीसीला कपॅसिटर म्हणजे तुटलेली तार. १०० नॅनोफॅरडचे दोन कपॅसिटर सिरीजमध्ये जोडले की मधला नोड अधांतरी! ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीचंही तेच. खऱ्या बोर्डावर आयसोलेशन, म्हणजे दोन बाजू विजेने वेगळ्या, हवंच असतं, पण स्पाइस प्रत्येक नोडचं व्होल्टेज शून्य नोडच्या, म्हणजे ग्राउंडच्या, तुलनेत काढतं. अधांतरी नोडपासून ग्राउंडला १ गिगाओहमचा रेझिस्टर टाका, सुटला प्रश्न.

मात्र १० मेगाओहम टाकायचा असेल तर '१०एम' लिहू नका! स्पाइसमध्ये एम म्हणजे मिली, लहान लिपीत लिहा की मोठ्या. मेगासाठी 'मेग'च. नाहीतर नोड जवळजवळ ग्राउंडलाच चिकटतो, एरर गायब होते आणि चुकीचे आकडे खरे मानले जातात. एररपेक्षा हे जास्त घातक.

व्होल्टेज सोर्सला समांतर आदर्श इंडक्टर लावला तरी हेच होतं, कारण डीसीला इंडक्टर म्हणजे शॉर्ट. इंडक्टरच्या सिरीजमध्ये १ मिलिओहमचा रेझिस्टर द्या. आणि सर्किटमध्ये ग्राउंड जोडलंय का, ते तरी सगळ्यात आधी बघा हो!