रिपोर्ट हाती आला? मग डॉक्टर हवेत कशाला!

रक्ताचा रिपोर्ट आला की आधी ठळक अक्षरांतला, म्हणजे नॉर्मलच्या बाहेरचा आकडा शोधा. बाकीचं वाचायचं नाही. त्यात सगळं ठीक असतं, करमणूक शून्य. नॉर्मलची मर्यादा आखतात ती निरोगी माणसांतल्या मधल्या ९५ टक्क्यांवरून. म्हणजे विसातला एक धडधाकट माणूस मुळातच बाहेर. तेव्हा चाचण्या सढळ हाताने करून घ्या. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस केल्यात, तर काही झालेलं नसतानाही एखादा तरी आकडा ठळक यायची शक्यता ६४ टक्के. पैसे वसूल.

तरीही शंका असेल तर आदल्या दिवशी दणकून जोर-बैठका मारा. स्नायूंच्या पेशींतून सीपीके नावाचं एन्झाइम रक्तात उतरेल, मागोमाग एसजीओटी हे दुसरं. मग स्नायू विसरायचे आणि यकृताच्या नावाने सुतक धरायचं. एसजीओटी यकृतात असतं, तसं हृदयात, स्नायूंत, तांबड्या पेशींतही असतं. पण रक्तात उतरताना ते गावचा पत्ता सांगत नाही. पत्ता तुम्ही लिहा! १९५४ साली हेच एसजीओटी हृदयविकाराच्या झटक्याची खूण म्हणून पुढे आलं होतं. आज ते 'लिव्हर फंक्शन टेस्ट'मध्ये बिऱ्हाड करून आहे. हे नावही गंमतीदारच. एसजीओटी यकृताचं काम मोजत नाही, पेशींची पडझड मोजतं. कामाचा हिशेब अल्ब्युमिन (यकृत बनवतं ते प्रथिन) आणि प्रोथ्रॉम्बिन टाइम (रक्त गोठायला लागणारा वेळ) देतात, पण त्या रुक्ष मंडळींकडे कोण बघतो?

नॉर्मल आकड्यावर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवा. सिरोसिसने पोखरलेल्या यकृतात फुटायला पेशीच फारशा उरत नाहीत. तिथे एसजीपीटी, म्हणजे एसजीओटीचं यकृतातलं भावंड, अगदी सोज्वळ दिसू शकतं.

घरात वाढत्या वयाचं मूल असेल तर त्याचं अल्कलाइन फॉस्फटेज (यकृतात आणि हाडांत असणारं एन्झाइम) मोठ्यांच्या मर्यादेशी ताडा आणि घाबरा. हाडं वाढताहेत म्हणून ते चढतं, असल्या स्पष्टीकरणांना भीक घालू नका. एलडीएच हे तांबड्या पेशींतही असणारं एन्झाइम वाढलंय? रक्त काढताना तांबड्या पेशी फुटल्या असतील, तर आजार तुम्हाला नसून नळीला आहे. पण नळीची विचारपूस करायला नातेवाईक येत नाहीत.

डॉक्टर विचारतील, व्यायाम केला होतात का, दंडात इंजेक्शन घेतलंत का, कुठली औषधं चालू आहेत. ताकास तूर लागू देऊ नका. आणि आठवड्याने पुन्हा तपासू म्हणाले, तर साफ नकार द्या. आकडा उतरला तर लोकांना सांगणार काय?